चित्राचा समास

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका चित्रकलाशिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. त्यांच्या हाताखाली रेघ मारायला शिकलेली मुले आज आजी-आजोबा होऊन समोर बसली आहेत. अशा ठिकाणी चित्रसंग्रहावर बोलायचे तर लिलावात कोट्यवधींना जाणाऱ्या तैलचित्रांबद्दल बोलणे सोपे होते. पण त्या चित्रांची काळजी वाहायला माणसे आहेत, विमा आहे, वातानुकूलित खोल्या आहेत. मी कागदाच्या जतनाचे काम करते. माझ्या टेबलावर बहुतेक वेळा येते ती कुणाच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी, माजघरातले रामपंचायतन, नाहीतर पेढीवर टांगलेली सरस्वती. सगळी छापील. आणणारा माणूस पिशवीतून चित्र काढता काढताच सांगतो, “तसं काही विशेष नाही, छापीलच आहे.” ही चित्रे घरोघरी होती म्हणून आपण त्यांना चित्रे मानले नाही, आणि चित्रे मानले नाही म्हणून ती झपाट्याने संपत चालली आहेत. आज मला बोलायचे आहे ते त्यांच्याबद्दल.

महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या घरी चित्र आले ते छापखान्यातून. त्याआधी चित्र बघायचे तर वाड्याच्या भिंतीवर, देवळाच्या मंडपात, सचित्र पोथीत किंवा पिंगुळीच्या चित्रकथ्याच्या हातात. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांना घेऊन पुण्यात चित्रशाळा सुरू केली. ‘निबंधमाला’ लिहिणारा माणूस चित्रांचा छापखाना काढतो, याकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. ‘केसरी’ निघायला अजून तीन वर्षे होती. मला वाटते, अक्षरे न वाचणाऱ्या घरातही चित्र वाचले जाते हे शास्त्रीबुवांनी नेमके ओळखले होते. चित्रशाळेने देवादिकांबरोबर मराठेशाहीतले पुरुषही छापले, आणि नाना फडणवीस लोकांच्या भिंतीवर आले.

मग रविवर्मा. सर टी. माधवराव हे कुंभकोणमकडचे, तंजावरी मराठी घराण्यातले, आधी त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण. त्यांनी रविवर्म्यांना सुचवले होते, की तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे की एकट्याच्या हाताने ती पुरी होणार नाही, युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या. रविवर्म्यांनी पुढे स्वतःचाच छापखाना काढला, १८९४ साली, मुंबईत. त्यातून निघालेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. मेनका तान्हे मूल पुढे करते आहे आणि विश्वामित्राने तोंड फिरवले आहे. काही वर्षांत छापखाना घाट चढून कार्ल्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. लोणावळ्याच्या पावसात, रुळाच्या कडेच्या एका गावात, देशभरच्या देवघरांतल्या देवांचे चेहरे ठरत होते. ही गोष्ट शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात असायला हवी असे मला मनापासून वाटते.

आता हे चित्र छापले कसे जायचे, ते थोडे निगुतीने सांगते, कारण ते कळल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा जाड, आरशासारखा घासलेला दगड. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, तेही उलटे. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकटपणा आहे तिथे पाणी ठरत नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे छपाईची शाई धरत नाही. आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटी शोधलेली सगळी विद्या या एका वाक्यात येते. पण रंगीत चित्र म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. साडीच्या लालसाठी एक, तिच्या घडीतल्या काळपट छटेसाठी दुसरा, अंगाच्या गव्हाळ रंगासाठी तिसरा, गालावरच्या लालीसाठी आणखी एक. असे करत कधी दहाहून अधिक दगड. कारागीर मूळ चित्रासमोर बसून ठरवायचा की हा एक रंग मनातल्या मनात किती रंगांत फोडायचा, आणि मग प्रत्येक दगडावर बारीक ठिपक्यांनी त्या रंगाचा वाटा भरायचा. तोच कागद एकेका दगडावरून जायचा आणि दर वेळी तंतोतंत जुळायला हवा. केसभर सरकला तर ओठांचा लाल ओठांबाहेर. शेवटी वार्निशचा हात आणि कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव, की झाले ऑलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राचा भास देणारे छापील चित्र. खाली नाव रविवर्म्यांचे. दगडावर ठिपके भरणाऱ्या हातांची नावे कुठेच नाहीत.

हे दगड महाग, परदेशातून यायचे. छपाई झाली की तेच दगड पुन्हा घासून दुसऱ्या चित्रासाठी घ्यायचे, म्हणजे दगडावरचे चित्र पुसले जायचे. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि उरलेसुरले बरेच तिथेच गेले. तेव्हा आज हातात राहिली ती फक्त कागदावरची प्रत. हजारो निघाल्या म्हणून ती सामान्य, असे आपण म्हणतो. त्या हजारांतल्या शाबूत किती, हे कुणी विचारत नाही.

त्या प्रतीचा सर्वांत बोलका भाग चित्राच्या बाहेर असतो. खालच्या समासात बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव, गाव, कधी चित्राचे शीर्षक असते. मुंबईचा उल्लेख, कार्ल्याचा उल्लेख, मळवली-लोणावळ्याचा उल्लेख, यांवरून प्रत साधारण कोणत्या काळातली हे अभ्यासक ठरवतात. समासातच रंग जुळवण्यासाठी केलेल्या फुल्या आणि खुणा कधीकधी शिल्लक असतात, आणि त्यातून एकेका दगडाचा रंग सुटा दिसतो. फ्रेमवाल्याकडे दुसऱ्या मापाची चौकट तयार असली की पहिली कात्री चालते ती या समासावर. माझ्याकडे आलेल्या कित्येक चित्रांत देवी सुंदर शाबूत आहे आणि तिचा जन्मदाखला कापून टाकलेला आहे. संग्रह करणाऱ्याला मी हात जोडून एकच विनवणी करते: चौकट बदला, काच बदला, पण समास कापू देऊ नका. आपले आजचे मुद्राचित्रकार एचिंग, लिनोकट, लिथोग्राफ करतात, तिथेही हेच. खाली पेन्सिलीने लिहिलेला प्रतीचा क्रमांक आणि सही समासातच असते, आणि ती माउंटखाली दाबून टाकणारे किंवा कापणारे लोक मी पाहिले आहेत.

विकत घेताना जवळ एक भिंग ठेवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात रविवर्म्यांची म्हणून जी चित्रे मिळतात, त्यांत अलीकडे ऑफसेटवर छापून मळकट केलेली पुष्कळ असतात. भिंगातून देवीचा गाल पाहा. चार रंगांचे एकसारखे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे ठरावीक नक्षीत मांडलेले दिसले, तर ते आधुनिक यंत्राचे काम. दगडावरच्या छपाईत ठिपके अनियमित असतात, कुठे दाट, कुठे विरळ, वळणाच्या कडेने फिरलेले, कारण ते हाताने भरलेले असतात. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुन्हा कुणी फसवू शकत नाही. विक्रेत्यासमोर भिंग काढायला लाजू नका.

आता घरातल्या एका जुन्या चौकटीची मागची बाजू उघडू. बाहेरचा तपकिरी कागद हात लावताच तुटतो. त्याखाली बारीक चुका, गंजलेल्या. त्या पक्कडीने ओढायच्या नसतात. चित्राकडे कंप जाऊ न देता एकेक सैल करायची. मग फळ्या, देवदाराच्या पातळ, दोन किंवा तीन, शेजारी शेजारी. फळी आणि चित्र यांच्यामध्ये कधी वर्तमानपत्राचे पान असते. ते फेकू नका, त्यावरची तारीख ही चौकट कधी बसवली याचा पुरावा आहे. फळ्या उचलल्यावर चित्राच्या पाठीवर त्यांचा नकाशाच उमटलेला दिसतो. दोन फळ्यांच्या सांध्यातून हवा आत जाते, म्हणून सांध्याच्या रेषेवर कागद अधिक काळवंडलेला असतो. लाकडात गाठ असेल तिथे गोल डाग. चित्र उलटून पाहिले तर तीच उभी रेषा लक्ष्मीच्या चेहऱ्यावरून, कमळावरून खाली गेलेली असते. घरचे लोक म्हणतात, चित्र जुने झाले. जुनेपणाचा त्यात फारसा दोष नाही. मागच्या लाकडातून आम्ल वर्षानुवर्षे कागदात झिरपत राहिले, एवढेच घडलेले असते. पुष्कळदा कागद स्वतःही आम्लधर्मी असतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सरसकट आला आणि त्याला तुरटी व राळ लावलेली असे. तोच पिवळा पडतो, कडक होतो, घडीवर तुटतो. चिंध्यांपासून केलेला आपला जुना हातकागद शतके टिकलेला पेशवे दप्तरात बघायला मिळतो, आणि शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हातात चुरते, ते याच कारणाने.

इलाज साधा आहे आणि फार महागही नाही. फळी आणि साधा पुठ्ठा काढून आम्लमुक्त बोर्ड घालायचा. चित्र आणि काच यांच्यात माउंटची जाडी ठेवायची, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. हे विशेषतः ऑलिओग्राफसाठी अत्यावश्यक, कारण पावसाळी दमट हवेत वार्निश मऊ होऊन काचेला चिकटते. चिकटलेले असेल तर कृपा करून ओढू नका, काचेसकट तज्ज्ञाकडे न्या. चित्र बोर्डाला कडेने सगळीकडून चिकटवायचे नाही. वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्यांवर ते टांगलेले असावे, म्हणजे हवेप्रमाणे कागदाला आकसता-पसरता येते. त्या पट्ट्यांसाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तोच हा पदार्थ, फक्त अधिक शुद्ध केलेला. ही खळ उद्या पाण्याने सोडवता येते, आणि आमच्या कामात हा गुण सर्वांत मोठा. जे परत काढता येत नाही ते लावायचे नाही. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. किडीला ते विष, पण त्यातले तांबे कागदालाही जाळते. सेलोटेपचे तर नावच काढू नका. काही वर्षांत तिची फिल्म गळून पडते आणि गोंद तपकिरी होऊन कागदाच्या पोटात शिरतो. लॅमिनेशन हा माझ्या दृष्टीने अत्याचार आहे. उष्णतेने प्लास्टिक वितळवून कागदावर बसवले, की ते पुन्हा सुखरूप वेगळे होत नाही. कितीतरी घरांत हे प्रेमापोटी केले जाते, म्हणून अधिक वाईट वाटते.

उजेडाचे तसेच. उजेडाने झालेले नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जाते; चित्र कपाटात ठेवले म्हणून आधी उडालेला रंग परतत नाही. किराण्याच्या दुकानात उन्हासमोर टांगलेले जुने कॅलेंडर आठवा, सगळे देव निळे झालेले असतात, कारण पिवळा आणि लाल आधी जातो. संग्रहालये कागदावरील कामांसाठी साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्र उतरवून विश्रांतीला पाठवतात. घरात तेवढे मोजमाप नको. खिडकीच्या समोरची भिंत टाळा आणि वर्षातून काही महिने चित्र उतरवून ठेवा. पोथ्यांना ऊन दाखवायची आपली रीत चित्रांना लावू नका; सावलीतली कोरडी हवा पुरे.

पावसाळ्यात कोकण-मुंबईत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि कागदाला हवी असते ती पन्नाशीच्या आसपासची, तीही स्थिर. तांबूस ठिपके, बुरशी, कसर, सगळे या चार महिन्यांत येते. बाहेरच्या भिंतीवर चित्र नको, आणि असेलच तर चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळेल. न टांगलेली चित्रे गुंडाळी करून माळ्यावर न ठेवता सपाट ठेवा, आम्लमुक्त कागदात, लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका.

इथवर सारे करण्यासारखे होते. आता एक निर्णय, ज्यावर माझे आणि माझ्या काही सहकाऱ्यांचे एकमत नाही. आपल्या बायकांनी ही चित्रे नुसती टांगली नाहीत, ती सजवली. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर शिवली, टिकल्या लावल्या, बारीक मणी ओवून गळ्यातला हार केला, कधी आख्खी साडी कापडाची करून चित्रावर चिकटवली. कोपऱ्यात कुंकवाची बोटे आहेत, समईची काजळी आहे. बाजारात असे चित्र आले की दोन प्रकारचे ग्राहक भेटतात. एकाला ते स्वच्छ, कोरे, छापखान्यातून आल्यासारखे करून हवे असते. दुसऱ्याला सजावट हवी असते, पण काजळी नको असते. काजळी कागदाला अपाय करते, ती सैल असेल तेवढी मऊ ब्रशने काढावीच. कागदात मुरलेले कुंकू मात्र मी राहू देते. शंभर वर्षे त्या चित्रासमोर कुणी हात जोडले, कुणाच्या नहाणाच्या, लग्नाच्या दिवशी ते बोट टेकले. ते धुऊन काढले तर छापखान्याची वस्तू उरेल, घराची वस्तू जाईल. जर उसवली असेल तर ती त्याच भोकांतून पुन्हा टाचते. नवी जर घालत नाही. “नवं करून द्या” या मागणीला मी नकार देते आणि त्यामुळे काही लोक नाराज होऊन जातात. रंग उडालेल्या जागी पोस्टर कलरने पुन्हा डोळे रंगवलेली सरस्वती मी पाहिली आहे. ते डोळे पुन्हा तिचे होणार नाहीत.

साध्या घरगुती वस्तूंना मान देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली, गावोगाव फिरून, पदरमोड करून, आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने सारा संग्रह समाजाला दिला. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे वाईच्या वाड्यांतून कागद शोधत होते, तेव्हा ते कागद अनेकांना रद्दीच वाटत होते. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि रुमालात बांधलेल्या कागदाकडे बघण्याची दृष्टी बदलली. चित्राच्या कागदाच्या बाबतीत तो बदल अजून व्हायचा आहे. त्याच माळ्यावर, त्याच रुमालाशेजारी गुंडाळून ठेवलेले चित्र आपण अजून अडगळीत धरतो.

म्हणून संग्रह करणाऱ्यांनी नोंदवही ठेवावी. हे चित्र कोणत्या गावच्या, कशा प्रकारच्या घरातून आले, कोणत्या खोलीत होते, कुणी आणले असे सांगतात, चौकटीत काय सापडले, डागडुजी काय केली. चित्रावर काही लिहायचे नाही, त्याच्या वेष्टनावर मऊ पेन्सिलीने क्रमांक पुरे. संग्रहालयाला द्यायची वेळ येईल तेव्हा अशी वही असलेली पन्नास चित्रे वही नसलेल्या पाचशेंपेक्षा मोलाची ठरतात. परदेशी असलेली नातवंडे हल्ली आजीची लक्ष्मी सोबत न्यायला मागतात. त्यांची ओढ मला समजते. पण १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि रविवर्म्यांच्या कलाकृतींना तर कलानिधीचा वेगळा दर्जा आहे. बॅगेत भरण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. चांगला फोटो काढून न्यायला कुणाचीच मनाई नाही.

दिवाळी जवळ आली आहे आणि घरोघरी साफसफाई निघेल, तेव्हा तेवढे सांगून थांबते. चित्र उतरवताना मागच्या तारेला धरून उचलू नका, दोन्ही बाजूंनी चौकट धरा. काच पुसायचा फवारा काचेवर मारू नका, तो ओघळून कडेने आत जातो. कापडावर घ्या आणि मग पुसा. मागची बाजू पाहा, तिचा फोटो काढा. फळीवर, कागदावर काही लिहिलेले दिसले, एखादे नाव, दुकानाची चिठ्ठी, किंमत, तर घरात जे सर्वांत थोरले असतील त्यांना त्याच दिवशी विचारून लिहून ठेवा.